तलावपाळीवर त्रिकोणमिती : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात ठाण्यात पायी करता येईल असा गणिताचा एक फेरा सुचवला होता. गडकरी रंगायतनपाशी सुरुवात, मासुंदा तलावाच्या, म्हणजे तलावपाळीच्या, काठाने बेटावरचं देऊळ बघत पुढे, मग कौपिनेश्वर मंदिर आणि शेवटी स्टेशनजवळचा सॅटिस पूल. चार थांबे, प्रत्येक ठिकाणी एक उंची किंवा एक अंतर काढायचं. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न खाली घेतले आहेत.

मुलांनी कोनमापकाला दोरा बांधून क्लिनोमीटर (टोक किती अंश वर दिसतं ते मोजायचं साधन) केले. एकाच इमारतीची उंची सहा गटांनी सहा आणली, ११ मीटरपासून १९ मीटरपर्यंत. चूक कुठे होते? – एक गणित शिक्षिका, नौपाडा

पहिला संशय कोनमापकावरच घ्या. कंपासपेटीतल्या कोनमापकाची त्रिज्या साधारण ५ सेंटीमीटर असते. तिथे एक अंश म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर. त्यावर जाड सुतळी लोंबकळत असेल तर सुतळीखालीच दोन-तीन अंश झाकले जातात. मुलं बिचारी प्रामाणिकपणे वाचतात, पण साधनातच तेवढी बारकाई नसते.

अर्धवर्तुळाचा हट्ट सोडा आणि पाव वर्तुळ करा. ए-फोर आकाराच्या जाड पुठ्ठ्यावर एक कोपरा केंद्र धरून २० सेंटीमीटर त्रिज्येचा कंस काढा. आता एक अंश साडेतीन मिलिमीटरचा झाला, म्हणजे अर्धा अंशसुद्धा डोळ्याला दिसतो. कोपऱ्यात सुईने भोक पाडून शिवणयंत्राचा काळा दोरा ओवा. दोऱ्याच्या टोकाला लोखंडी नट बांधा. नट पुठ्ठ्याच्या खाली दोन-तीन सेंटीमीटर मोकळा लटकला पाहिजे. पुठ्ठ्याला घासला की दोरा अडकतो आणि वाचन खोटं येतं. वरच्या कडेला जुन्या बॉलपेनची रिकामी नळी चिकटपट्टीने बसवा. ती कडेला तंतोतंत समांतर हवी. इथली एका अंशाची तिरपी प्रत्येक मापात शिरते.

बहुतेक जण चुकतात ते यापुढच्या पायरीला. दोरा बांधलेला कोपरा डोळ्यापासून लांब, इमारतीच्या बाजूला ठेवायचा. नळी आडवी असताना दोरा उभ्या कडेवर येतो, तिथे ० लिहा. नळीच्या कडेला ९०. नळीचं पुढचं टोक वर उचललं की दोरा पुठ्ठ्यावर आत सरकतो आणि उन्नत कोन थेट वाचता येतो, ९० मधून वजाबाकी नको. (अर्ध्या वर्गाची चूक त्या वजाबाकीतच असते.) कोपरा डोळ्याकडे धरलात तर दोरा पुठ्ठ्याबाहेर निघून जाईल. सॅटिसवरून खाली बघताना मात्र साधन उलटं धरा, कोपरा डोळ्याकडे. तेव्हा अवनत कोन तसाच थेट मिळतो.

आणि एकट्याने मापू नये. एकाने नळीतून बघायचं, टोक दिसलं की "हां" म्हणायचं. दुसऱ्याने त्या क्षणी दोरा बोटाने पुठ्ठ्यावर दाबून धरायचा. मग सावकाश वाचायचं. तिसरा टेप धरतो, चौथा लिहितो. चौघांचा गट पुरतो. प्रत्येक कोन तीन वेगवेगळ्या डोळ्यांनी घ्या आणि मधलं वाचन धरा.

उत्तर नेहमीच दीडएक मीटर कमी येतं. – इयत्ता १० वी, कळवा

डोळ्याची उंची मिळवायची राहिली आहे. कोन मोजला तो डोळ्यापासून, जमिनीपासून नव्हे. समजा रंगायतनच्या दर्शनी भिंतीपासून तू १८ मीटरवर आहेस, कोन ३८° आला आणि डोळा जमिनीपासून १.४ मीटरवर आहे. tan म्हणजे उंची ÷ अंतर. tan ३८° = ०.७८१३, म्हणून १८ × ०.७८१३ = १४.०६, त्यात १.४ मिळवून १५.५ मीटर. (आकडे उदाहरणाचे आहेत, खरे तुझे तू आण.)

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर tan ३८ चं उत्तर ०.३१ येत असेल तर तो अंशांत नाही, रेडियनमध्ये हिशेब करतो आहे. मोबाइल आडवा केल्यावर दिसणारं बटण अंशावर आण.

इमारतीपासून किती लांब उभं राहावं? जवळून बघितलं तर टोक स्पष्ट दिसतं. – पालक, ऐरोली

टोक जवळून स्पष्ट दिसेल, पण उंची जवळून बिघडते. आमच्या मते या सगळ्या फेऱ्यात शिकण्यासारखं खरं काय असेल तर ते हेच, की सूत्र लिहिण्याआधी उभं राहण्याची जागा निवडावी लागते.

कोन वाचताना एका अंशाची चूक होणार हे गृहीत धरा. कोन ४५° च्या आसपास असेल तर त्या चुकीने उंचीत साधारण साडेतीन टक्के फरक पडतो. २०° किंवा ७०° वर तो साडेपाच टक्क्यांच्या जवळ जातो. १०° किंवा ८०° वर थेट दहा टक्के. म्हणजे फार जवळ जाणं आणि फार लांब जाणं दोन्ही सारखंच महाग. टोक ३५° ते ५५° च्या मध्ये दिसेल अशी जागा शोधा.

भिंतीच्या अगदी पुढ्यात उभं राहण्यात आणखी एक फसगत आहे. छज्जाची कड दिसते आणि मुलं तिलाच टोक समजतात. देवळाच्या कळसाचं तर विचारूच नका: कळस भिंतीच्या रेषेत नसतो, आत असतो. भिंतीपर्यंत टेप लावून कळसाचा कोन वापरला तर त्रिकोणाचा पाया चार-पाच मीटरने आखूड धरला जातो आणि कळस कागदावर बुटका होतो.

मग कौपिनेश्वराच्या कळसाचं करायचं काय? कळसाखाली टेप नेता येत नाही. – वरच्याच शिक्षिका, नौपाडा

दोन जागांवरून कोन घ्यायचे, दोन्ही कळसाच्या एकाच सरळ रेषेत. जवळच्या जागी समजा ४०°. तिथून सरळ मागे १२ मीटर गेलात, तिथे २९°. आता (cot म्हणजे १ ÷ tan) डोळ्याच्या पातळीपासून उंची = १२ ÷ (cot २९° − cot ४०°) = १२ ÷ (१.८०४० − १.१९१८) = १९.६ मीटर. डोळ्याची उंची धरून २१.

रीत देखणी आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका. मागच्या जागी २९ ऐवजी ३० वाचलं की १९.६ चे २२.२ होतात. एका अंशाने अडीच मीटर! छेदात दोन जवळजवळच्या संख्यांची वजाबाकी आहे, म्हणून चूक फुगते. मागे दुप्पट, २४ मीटर गेलात तरी एका अंशाची चूक दोन मीटरच्या घरात राहते. देवळाभोवती बाजार आहे, २४ मीटर सरळ मागे जायला मिळणंही कठीण. म्हणून इथे मुलांकडून एक आकडा मागू नका, "१९ ते २४ च्या दरम्यान" असं उत्तर लिहून घ्या. आणि देवळाच्या आवारात मापायचं असेल तर आधी विचारा. वर्दळीच्या वेळी टेप पसरून लोकांची वाट अडवू नये.

तलावाच्या मधल्या देवळाची उंची काठावरून काढली. दोन जागांची रीत वापरली, उत्तर हास्यास्पद आलं. – नववी-दहावीचे शिकवणीवर्ग चालवणारे वाचक, चरई

येणारच. देऊळ लांब आणि बुटकं, त्यामुळे काठावरून कोन सात-आठ अंशांचा आणि मागे सरकल्यावर सहाचा. दोन्हींतला फरकच दीड-दोन अंश, आणि तुमची वाचनाची चूक एक अंश.

पाण्यावरचं अंतर आडव्या त्रिकोणाने काढा. काठावर देवळाच्या समोर अ ही जागा ठरवा. तिथे देवळाच्या दिशेशी काटकोन आखायचा. त्यासाठी सुतळीवर १२ समान भागांच्या गाठी मारून ३-४-५ चा त्रिकोण ताणा. काटकोनाच्या रेषेत काठाने ३० मीटर जाऊन ब ठरवा. ब वर पॅडला मोठा छापील कोनमापक चिकटवा आणि दोन टाचण्या टोचा, एक केंद्रात, दुसरी देवळाच्या रेषेत, जशी बंदूक रोखतात तशी. समजा ब पाशी अ आणि देऊळ यांच्यातला कोन ६२° आला. अंतर = ३० × tan ६२° = ३० × १.८८०७ = ५६.४ मीटर. इथे एका अंशाच्या चुकीने सव्वादोन-अडीच मीटर इकडे-तिकडे, म्हणजे चारेक टक्के. हे चालतं. अंतर हाती आलं की अ वरून कळसाचा एकच उन्नत कोन घ्या.

तलावपाळीचा काठ वळणाचा आहे, कठड्याच्या रेषेवर विसंबून ३० मीटर धरू नका. सरळ तुकडा मिळत नसेल तर पाया २० मीटरचा घ्या, पण सरळच घ्या.

याच आडव्या त्रिकोणावर भारताची मोजणी झाली. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिला पाया मोजला आणि तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत मोजणी उत्तरेकडे गेली. पाया एकदा काळजीपूर्वक मोजायचा, पुढे सगळे कोन. राधानाथ सिकदार यांनी १८५२ मध्ये पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची, म्हणजे एव्हरेस्टची उंची काढली ती अशाच लांबून घेतलेल्या कोनांवरून.

उत्तर बरोबर आहे की नाही हे कळणार कसं? खरी उंची कुठे लिहिलेली नसते. – पालक, ऐरोली

म्हणूनच फेरा सॅटिसवर संपवला आहे. तिथे जिना आहे. एका पायरीची उंची पट्टीने मोजा, पायऱ्या मोजा, गुणाकार करा. समजा १५ सेंटीमीटरच्या ४० पायऱ्या, तर पूल ६ मीटरवर. मग खाली रस्त्याच्या कडेला उभं राहून पुलाच्या वरच्या पृष्ठभागाच्या कडेचा कोन घ्या आणि त्रिकोणमितीने तेच काढा. कठड्याचा कोन घेतलात तर कठड्याची उंची जास्तीची येईल. दोन उत्तरांत अर्ध्या मीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मापा. रविवारी सकाळी लवकर जा. इतर दिवशी त्या जिन्यावर थांबून पायऱ्या मोजायला गर्दी देणार नाही.

सगळीकडे टॅनच. साइन, कोसाइनला या फेऱ्यात काही काम नाही का? – इयत्ता १० वी, कळवा

हवेतून जाणारी दृष्टी रेषा म्हणजे कर्ण, आणि तिला टेप लावता येत नाही. जमीन मोजता येते, म्हणून समोरची आणि लगतची बाजू, म्हणून टॅन. ज्या कर्णावर चालता येतं तिथे साइन शोध: चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार. उतारावर टेप टाकून ६ मीटर आले आणि वरचं टोक जमिनीपासून ५० सेंटीमीटर उंच असेल तर साइन = ०.५ ÷ ६ = ०.०८३३, कोन ४.८°. १२ ला १ हे अशा उतारांचं नेहमीचं प्रमाण आहे. शहरात त्याहून खडे उतारही सापडतील, मोजून बघ.

बोर्डाच्या परीक्षेत ३०, ४५, ६० असेच कोन असतात. ३८ अंश मोजून काय मिळणार? – पालक, नेरूळ

मग उलटं करा. कोन पकडा आणि जागा शोधा. दोरा ४५° वर येईल अशी जागा चालत चालत गाठा. तिथून भिंतीपर्यंतचं अंतर अधिक डोळ्याची उंची हीच इमारतीची उंची, ना कोष्टक ना कॅल्क्युलेटर. मग मागे सरकत ३०° ची जागा शोधा. पहिलं अंतर १४ मीटर असेल तर दुसरं १४ × १.७३, म्हणजे साधारण २४.२ यायला हवं. नाही आलं तर बहुधा जमिनीला उतार आहे. मागच्या जागी डोळा खाली किंवा वर गेला. √३ हा आकडा पायाखाली सापडला की मुलं तो सहसा विसरत नाहीत.

सावलीवरून उंची काढायची तर कुठली वेळ चांगली? – वाचक, पाचपाखाडी

डिसेंबर. २१-२२ डिसेंबरला ठाण्यात माध्यान्हीचा सूर्य साधारण ४७° वर असतो, म्हणजे सावली जवळपास वस्तूइतकीच. मात्र घड्याळाचे बारा म्हणजे माध्यान्ह नव्हे. आपण प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरेच पश्चिमेला आहोत, त्यामुळे तेव्हा ती सुमारे १२:३५ ला होते. उलट मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस माध्यान्हीला सावली पायाखाली गडप होते. जुलैत ढग असतात म्हणून ते चुकतं, मेमधलं बघून ठेवा. सूर्याचा कोन घ्यायचा झाला तर नळीतून सूर्याकडे कधीच बघू नये. मीटरभर काठी उभी करून तिची सावली मोजावी.

खारघरच्या डोंगराची उंची याच साधनाने निघेल का? – वाचक, खारघर

निघेल, ढोबळ. डोंगरमाथ्यापर्यंतचं सरळ अंतर मोबाइलच्या नकाशावर मोजून घ्या. समजा १.५ किलोमीटर, आणि कोन ८°. १५०० × ०.१४०५ = २११ मीटर, तुम्ही उभे आहात त्या जमिनीच्या वर; समुद्रसपाटीपासून नव्हे. कोनात एक अंश चुकला की २७ मीटर इकडचे तिकडे. पावसाळ्यात माथा ढगात असतो, आणि उन्हाळ्यात दुपारी धुरकटात कड नीट दिसत नाही. पाऊस संपल्यावरची एखादी स्वच्छ सकाळ धरा.