पिवळा नेमका कुठे लावायचा?

प्रश्न : आम्ही नुकतेच शहरातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. मला घरात पिवळा रंग आणि जरा गंमत हवी आहे. यजमानांना मात्र सगळं पांढरं आणि राखाडी हवं. माझं ऐकलं तर हॉलची बालवाडी होईल, असं ते म्हणतात. दोघांचंही मन राखता येईल का?

उत्तर : यजमानांची भीती अगदीच अनाठायी नाही, पण त्यात पिवळ्याचा काही दोष नाही. चार भडक रंग एकाच खोलीत एकमेकांवर ओरडायला लागले की बालवाडी होते. तुम्ही एकच रंग मागताय, म्हणजे अर्धी लढाई जिंकलेलीच आहे.

गेरिट रीटफेल्ट या डच वास्तुकाराचं उत्रेख्तमधलं श्रोडर हाउस १९२४ सालचं. त्याचे बाहेरून काढलेले फोटो जरूर बघा. तांबडा, निळा, पिवळा असे तिन्ही मूळ रंग तिथे आहेत, तरी घर पोरकट दिसत नाही. भिंती पांढऱ्या-करड्या आहेत आणि रंग येतो तो बारीक खांबांवर, पट्ट्यांवर. रीटफेल्टच्याच लाल-निळ्या खुर्चीत तर कमाल आहे. सांगाड्याच्या दांड्या काळ्या आणि जिथे दांडी कापली आहे तेवढ्याच टोकावर पिवळा. टिचभर जागा, पण नजर तिथेच जाते.

हेच तुम्ही दारांवर करा. दाराचा दर्शनी भाग भिंतीच्याच रंगात ठेवा आणि दार उघडल्यावर हॉलमधून जी उभी कड दिसते, फक्त ती पिवळी करा. कडेची जाडी असते जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर. दार लावलं की हॉल यजमानांचा, उघडलं की तुमचा! भांडण मिटलं नाही तरी निदान पाळी ठरली.

मात्र अशा कामात हयगय चालत नाही. भिंतभर रंगात एखादा ओघळ खपून जातो, इथे पिवळा दोन मिलिमीटर जरी दर्शनी बाजूवर सरकला तरी पोरांनी रंगवल्यासारखं दिसतं. कड पॉलिश पेपरने घासून घ्या, प्रायमर द्या, मग पातळ दोन हात. दर्शनी बाजूला मास्किंग टेप नखाने दाबून बसवा आणि शेवटचा हात पुरता वाळायच्या आत तिरकी ओढून काढा. वाळल्यावर ओढलीत तर रंगाचे टवके येतील. कोपरा घासून गोल करायची काही रंगाऱ्यांना सवय असते, त्यांना आधीच बजावा. फिनिश सॅटिन, म्हणजे मंद चमकेचं घ्या. चकचकीत ग्लॉसमध्ये लाकडाचा प्रत्येक खड्डा दिसतो, आणि मॅटवर बोटांचे डाग राहतात.

आता यजमानांच्या राखाडीकडे वळू, कारण खरा घोटाळा तिथेच होतो. पिवळ्याशेजारी तटस्थ राखाडी ठेवला तर तो जांभळट भासतो. पॅरिसच्या गोबलॅं या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रोल यांनी १८३९ साली हे सविस्तर मांडलं : शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतात. म्हणून मुळातच निळसर असलेला राखाडी घेऊ नका, किंचित मातकट छटेचा घ्या. शेड कार्डवर तो मळका वाटेल. वाटू द्या.

आणि कार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनावरून कुठलाच रंग ठरवू नका. हार्डबोर्डच्या दोन-दोन फुटी तुकड्यावर दोन हात मारा आणि तो तुकडा खोलीभर फिरवा, सकाळी एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा. दिवेही बघून घ्या (केल्विन म्हणजे दिव्याच्या प्रकाशाची छटा सांगणारं माप) : २७०० केल्विनचे असतील तर पांढरा पिवळट दिसणार, ४००० केल्विनचे असतील तर पिवळा थंड पडणार. एकाच हॉलमध्ये दोन्ही लावलेत तर कुठलाच रंग जागेवर राहणार नाही.

प्रश्न : गोलाकार सोफा, लाटेसारखा आरसा आणि कमानीचं शेल्फ, असं तिन्ही एका हॉलमध्ये चालेल का?

उत्तर : एक निवडा. माझं मत आरशाला. गोलाकार सोफा फोटोत देखणा दिसतो, पण भिंतीला टेकत नाही. मागे उरलेल्या त्रिकोणात धूळ आणि हरवलेले रिमोट साठतात. मोठ्या खोलीत तो मधोमध ठेवता येतो. लहान खोलीत सरळ पाठीचा, पण हात गोलसर असलेला सोफा घ्या. वळण मिळतं, जागाही जात नाही. आरसा लाटेसारखा असेल तर शेल्फ काटकोनी ठेवा. शेजारी सरळ रेषा असेल तरच लाटेची लाट कळते.

प्रश्न : मुलांसाठी म्हणून घेतलेल्या वस्तू मोठ्यांच्या हॉलमध्ये शोभतील का?

उत्तर : वस्तू नीट बनवलेली असेल तर बेलाशक शोभेल. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याची रंगीत लाकडी गोळ्यांची खुंटाळी १९५३ मध्ये मुलांसाठीच आली, आज ती थोरामोठ्यांच्या घरातही दिसते. गोळ्या रंगीबेरंगी आहेत, पण तारेचा सांगाडा नाजूक आणि दोन गोळ्यांमधलं अंतर सारखं. तिच्यावर पाच-सहा कोट आणि तीन पिशव्या कोंबल्या तर मात्र ती दिसणारच नाही. रोजच्या कपड्यांसाठी दाराआड दुसरी, साधी खुंटाळी ठोका.

प्रश्न : जेवणाच्या टेबलावरचा लटकता दिवा किती उंचीवर हवा?

उत्तर : टेबलाच्या पृष्ठभागापासून शेडची खालची कड ७५ ते ८० सेंटीमीटरवर. बसून बघा : बल्ब डोळ्यात येत असेल तर खाली घ्या, समोरच्याचा चेहरा झाकला जात असेल तर वर. वायर कापायची घाई मात्र करू नका, टेबल येऊन जागेवर बसू दे.