फाउंड्रीचं काम सोडून दीड वर्ष झालं, तरी डोकं दुखतंच. धुरामुळे असेल की मनाचे खेळ?

मनाचे खेळ अजिबात नाहीत. घरचे तसं म्हणत असतील तर त्यांना हे वाचायला द्या.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत नऊ वर्षं ओतकामावर होतो. धातूचा तापलेला रस साच्यात पडला की वाळूतली कोल डस्ट (कोळशाची भुकटी) आणि कोअरमधलं, म्हणजे साच्यात बसवलेल्या वाळूच्या गाभ्यातलं, रेझिन जळतं, त्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. नाकाला झोंबतो तो रेझिनचा धूर, त्यामुळे वास कमी म्हणजे सगळं ठीक, असं आम्ही धरून चालायचो. पावसाळ्यात झड आत येते म्हणून शेडच्या बाजू ताडपत्रीने बंद करायचे. दुपारनंतर कपाळाभोवती दोरी आवळल्यागत व्हायचं, मळमळायचं. सुट्टीदिवशी डोकं हलकं, कामावर गेलो की पुन्हा तेच. घरात निदान ठरलेलं होतं, पित्त. चार वर्षं मी उपाशीपोटी धने-जिऱ्याचं पाणी पीत होतो.

2021 च्या पावसाळ्यात एका दुपारी हातपाय गळाले, लेडल (रस ओतायचं भांडं) कशीबशी खाली टेकवली आणि तिथंच बसलो. सुपरवायझर माझा चुलतभाऊच, आमचा दादा. कोरोनामुळे ऑफिसात ऑक्सिमीटर होता, तो त्यानं बोटाला लावला. 98. "बघ, अठ्ठ्याण्णव हाय. कायबी झालेलं नाही तुला, कामाचा कंटाळा आलाय." हे सगळ्या शिफ्टसमोर.

त्या 98 चा अर्थ मला फार उशिरा कळला. कार्बन मोनॉक्साईड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला त्या दोघांतला फरक ओळखता येत नाही. रक्त विषाने भरलेलं असलं तरी तो आकडा चांगलाच दाखवतो. तपासायचं तर रक्तातलं कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन, तेही लगेच, कारण साध्या हवेत ते 4-5 तासांत निम्म्यावर येतं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी रक्त दिलं. रिपोर्ट नॉर्मल. दादा अजून तो रिपोर्ट काढून दाखवतो.

आता तुमचं. काम सोडल्यावरही दुखणं राहू शकतं. वायूचा जोराचा फटका बसला असेल तर मेंदूवरचा परिणाम रेंगाळतो. धुळीनं सायनस कायमचा धरला असेल तर कपाळ जड राहतं. न्यूयॉर्कमध्ये 2001 साली कोसळलेल्या जुळ्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यावर राबलेल्या लोकांना हा त्रास पुढे वर्षानुवर्षं राहिला. आणि तिसरं कारण, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या. तीन महिन्यांहून जास्त काळ महिन्यातले पंधरा दिवस साधी वेदनाशामक घेतली, तर ती गोळीच डोकं दुखवायला लागते. एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळीला महिन्यातले दहा दिवसच पुरे. माझं अर्धं दुखणं हेच निघालं. न्यूरॉलॉजिस्टनं गोळ्या सोडवल्या, पहिले पंधरा दिवस नरक होता, मग उतार पडला. तुमच्या गोळ्या मोजा, रोज कॅलेंडरवर खूण करा, आणि कुठं काय काम करत होता ते डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगा. मला नऊ वर्षांत एकानंही विचारलं नाही.

बीपी आणि चष्म्याचा नंबरही बघून घ्या, सगळंच धुरावर ढकलू नका. एक बाजू लुळी पडली, बोलणं अडखळलं, दिसायला कमी आलं, तर उत्तरं वाचत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

जे अजून शेडमध्ये आहेत त्यांनी कार्बन मोनॉक्साईडचा मीटर मागावा, तोंडी नाही, लेखी. रुमालानं हा वायू अडत नाही, धुळीच्या मास्कनंही नाही. दादा, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. यंदा तुझा पोरगा त्याच शेडमध्ये लागलाय. ताडपत्री आधी काढ.