डायल नंतर बघा, आधी कड बघा

प्रश्न थोडक्यात असा होता. नागपूरच्या मिहानमध्ये (कंपन्यांच्या वसाहतीत) नोकरी, बोनस हातात आलाय, एक चांगलं स्विस, स्टीलचं स्पोर्ट्स घड्याळ घ्यायचं मनात आहे. साळा म्हणतो, "भाऊजी, एवढ्या पैशात सोनं येते, स्टील कायले घेऊन राहिले?" तर नावाशिवाय या घड्याळांत असतं तरी काय, नागपूरच्या उन्हाळ्यात ते टिकेल का, आणि ते घालून बॅडमिंटन, पोहणं चालेल का? वरच्या उत्तरांत ब्रँडांची यादी भरपूर झाली आहे, म्हणून मी थोडं आतलं सांगतो.

साळ्याला आधी अर्धे मार्क देऊन टाकू. वेळ बघायला यातलं काहीच लागत नाही. क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवरच्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि हजार-दीड हजाराचं घड्याळसुद्धा महिन्याकाठी साधारण पंधरा-वीस सेकंदच चुकतं. उलट स्वित्झर्लंडच्या सीओएससी संस्थेचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळालेल्या मशीनला दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे जायची मुभा असते. महिन्याला नाही, दिवसाला. अचूकतेसाठी लाख रुपये घालत असाल तर राहू द्या.

पैसे जातात ते केसमध्ये (मशीन ज्या डबीत बसतं ती), चेनमध्ये आणि त्या दोघांच्या जोडात. या जातीच्या घड्याळांत खरं डोकं तिथेच लागलेलं आहे. दुकानात गेलात की डायलवर नजर ठरते, स्वाभाविक आहे. पण घड्याळ आडवं धरा आणि कडेने बघा.

ही जात जिथून सुरू झाली ते ऑडेमार पिगेचं रॉयल ओक घ्या. डिझायनर जेराल्ड जेंटा. बाझलच्या घड्याळ-प्रदर्शनाच्या तोंडावर कंपनीचा फोन आला आणि एका रात्रीत चित्र काढून दिलं, असं ते स्वतः सांगत. घड्याळ बाजारात आलं १९७२ मध्ये. जुन्या पाणबुड्यांच्या शिरस्त्राणाची काच बोल्टनी आवळलेली असायची, त्यावरून अष्टकोनी बेझेल (काचेभोवतीची कडी) आणि त्यावर उघडे दिसणारे आठ बोल्ट. व्यास ३९ मिमी, जो तेव्हा इतका मोठा वाटला की लोक त्याला जंबो म्हणू लागले. आणि किंमत? स्टीलचं असून कित्येक सोन्याच्या घड्याळांपेक्षा जास्त. लोक हसले.

आता त्या आठ बोल्टच्या खाचा नीट बघा. सगळ्या खाचा बेझेलच्या गोलाईच्या ओळीत असतात, एकही वाकडी नाही. साधा स्क्रू आवळला की खाच कुठेही थांबते, मग इथे आठही एका रेषेत कशा? कारण ते वरून फिरतच नाहीत. बोल्टचं डोकं षट्कोनी आहे आणि बेझेलमध्ये बरोब्बर तेवढाच षट्कोनी खळगा कोरलाय. डोकं त्यात बसून राहतं, आवळायचं काम मागच्या बाजूने होतं. बेझेल आणि केस यांच्या मधोमध एक काळी रेघ दिसते, ते पाणी अडवणारं वॉशर आहे. बाकीचे घड्याळवाले जे लपवतात तेच इथे दागिन्यासारखं मिरवलंय. हे सगळं करून आत जे ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने चावी भरणारं) मशीन बसवलं त्याची जाडी ३.०५ मिमी. म्हणून केस एवढी चपटी राहू शकली.

आणि साळ्याच्या सोन्याचं उत्तर इथेच आहे. या घड्याळाचे पहिले नमुने पांढऱ्या सोन्यात केले गेले, कारण स्टीलवर असं काम करणं जास्त कठीण होतं. सोनं मऊ, हत्याराला लवकर ऐकतं. स्टीलला सपाट पातळी द्यायची, तिच्यावर एकाच दिशेचे बारीक ओरखडे उठवायचे, आणि तिच्या कडेला आरशासारखी चकचकीत पट्टी काढायची, हे सगळं हत्यारं झिजवणारं काम. मॅट भाग जिथे संपतो आणि चकचकीत भाग जिथे सुरू होतो ती रेघ ब्लेडसारखी धारदार आहे का, हे दुकानाच्या दिव्याखाली घड्याळ हळूहळू फिरवून बघा. चेनच्या एकेका कडीवर ती रेघ असते, आणि कडी मनगटाखाली जाईपर्यंत थोडी थोडी अरुंद होत जाते. स्वस्त घड्याळात ही रेघ विरघळल्यासारखी दिसते. पुढे कधी बर्डीच्या बाजारात कोणी "मशीनवर पॉलिश मारून देतो, नवीन दिसेल" म्हणालं तर हात जोडून बाहेर या. बफिंगच्या चाकावर पाच मिनिटांत ती रेघ जाते आणि परत येत नाही.

१९७६ मध्ये त्याच जेंटांनी पाटेक फिलिपसाठी नॉटिलस काढलं, जहाजाच्या गोल खिडकीवरून, १२० मीटरपर्यंत पाणी झेलणारं. आज त्याच्यामागे लोक वेडे का झालेत हा डिझाइनपेक्षा बाजाराचा विषय आहे, तो मी सोडतो. केस आणि चेन एकाच अंगाची असण्याचा एक तोटा मात्र लक्षात ठेवा: कंटाळा आला म्हणून साधा बाजारातला चामड्याचा पट्टा लावायला जाल तर बसणार नाही.

आता आपला उन्हाळा. सीओएससीची चाचणी १५ दिवस चालते, पाच वेगवेगळ्या स्थितींमध्ये आणि तीन तापमानांना: ८, २३ आणि ३८ अंश. ३८ म्हणजे आपल्याकडे एप्रिलातली बरी दुपार. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की घड्याळ वेडंवाकडं चालेल का? मनगटावर असेल तर नाही, कारण अंगाचं तापमान त्याला बऱ्यापैकी सांभाळतं. शिवाय हा प्रश्न घड्याळवाल्यांनी शंभर वर्षांपूर्वीच धसास लावलाय. साध्या स्टीलची हेअरस्प्रिंग (घड्याळाची लय राखणारी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग) उन्हात ढिली पडायची आणि घड्याळ मागे पडायचं. शार्ल एदुआर गियोम यांनी निकेल-पोलादाचे असे मिश्रधातू शोधले की तापमान बदललं तरी त्यांची लवचीकता जवळपास तशीच राहते. त्या कामासाठी त्यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजच्या बहुतेक हेअरस्प्रिंग त्याच घराण्यातल्या, आणि आता काही कंपन्या सिलिकॉनच्या वापरतात.

आणखी धीर हवा असेल तर ओमेगा स्पीडमास्टरचं बघा. नासाने त्याला मान्यता दिली १९६५ मध्ये, त्याआधीच्या एका चाचणीत घड्याळं ७१ अंशांत ४८ तास आणि मग ९३ अंशांत अर्धा तास ठेवली होती. तरी म्हणून तुमचं घड्याळ दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका बापा. मशीन कदाचित चालेल, पण तेल आणि वॉशर यांचं आयुष्य उगाच कमी होतं.

नागपुरात घड्याळाचा खरा शत्रू गरमी नाही, गरमीतून थंडीत जाणं आहे. रस्त्यावर तापलेलं घड्याळ घेऊन तुम्ही मिहानच्या एसीत शिरता, संध्याकाळी घरी कूलरच्या ओल्या हवेत बसता. वॉशर थकलेलं असेल तर ओल आत जाते आणि काच थंड झाली की आतून धुकं धरतं. इतवारीत माझ्या ओळखीचे एक जुने घड्याळजी आहेत. ते मागचं झाकण उघडलं की मशीनकडे नंतर बघतात, आधी वॉशरची खोबण बघतात. घामाचं मीठ, धूळ आणि मळ यांचा काळा चिकट थर तिथे साचतो, तो काडीने खरवडला की खाली स्टीलला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडलेले दिसतात. वॉशर सपाट, कडक, चिरा पडलेलं. कुकरची रिंग जुनी झाली की वाफ कशी बाजूने सुटते, तेच.

यावर घरी करता येणारी एक परीक्षा आहे, ती मानकांतूनच आली आहे. पाण्याला दाद न देणाऱ्या घड्याळांच्या आयएसओ चाचणीत घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवतात, मग काचेवर साध्या गार पाण्याचा थेंब ठेवतात, मिनिटभराने पुसतात आणि काचेच्या आतून धुकं दिसतं का ते बघतात. तापवायचं यंत्र आपल्याला मे महिन्यात फुकट मिळतं. सावलीतल्या गॅलरीत घड्याळ थोडा वेळ ठेवा, माठातल्या पाण्याचा एक थेंब काचेच्या मध्यभागी. आतून धुकं आलं तर आत ओल आहे, सरळ दुरुस्तीला न्या आणि तोवर पाण्यात घालू नका.

पोहण्याचं. डायलवर ३० मीटर लिहिलंय म्हणजे ३० मीटर खोल जाता येतं असं नाही, ते हात धुण्यापुरतं आणि पावसाच्या सरीपुरतं समजा. तलावात नियमित पोहायचं तर निदान १०० मीटर आणि आट्यांनी आवळायची चावी (बाजूची, वेळ लावायची). ही आट्यांची चावी लोकांपर्यंत नेली रोलेक्सने, १९२६ च्या ऑयस्टरमधून. पुढच्या वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ या इंग्लिश बाईंनी इंग्लिश खाडीत पोहताना ते घड्याळ गळ्यात बांधलं होतं. थंडीने त्यांना मध्येच बाहेर काढावं लागलं, घड्याळ मात्र चालू होतं, आणि जाहिरात झाली घड्याळाची.

पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या घड्याळांतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र फिरणारी बेझेल. आजच्या घड्याळांत ती फक्त काट्यांच्या उलट्या दिशेनेच फिरते. पाणबुड्या पाण्यात उतरताना तिची खूण मिनिटकाट्यासमोर लावतो, म्हणजे किती वेळ गेला ते कळतं. चुकून धक्का लागून ती फिरली तरी गेलेला वेळ जास्तच दिसणार, कमी नाही. माणूस लवकर वर येईल, पण हवा संपेपर्यंत खाली राहणार नाही. चूक झालीच तर ती जीव वाचवणाऱ्या बाजूला व्हावी, याचा विचार त्या कडीत बसवलाय. हेलियम व्हॉल्व्ह मात्र आपल्या कामाचा नाही. दिवसेंदिवस दाबाच्या कोठडीत राहणाऱ्या पाणबुड्यांच्या घड्याळात हेलियम शिरतो आणि वर येताना काच उडवतो, त्यासाठी ती सोय. अंबाझरी तलावात त्याचा उपयोग नाही, त्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

गरम पाण्याच्या आंघोळीला घड्याळ काढा. पोहून आल्यावर साध्या नळाच्या पाण्याखाली धरा, क्लोरीन आणि घाम निघून जातो. आणि चावी आवळली आहे ना, हे पाण्यात उतरायच्या आधी बघा. सकाळी तारीख लावून चावी उघडी राहिलेली घड्याळंच जास्त बुडतात.

बॅडमिंटनचं उत्तर सरळ आहे: रॅकेटच्या हातात नको, दुसऱ्या हातात चालेल, पण चेन सैल असेल तर तिथेही नको. आतला बॅलन्स (मागेपुढे झुलणारं चाक) ज्या टोकांवर फिरतो ती केसाएवढी बारीक असतात. १९३० च्या दशकापासून त्यांच्याखालचे खडे लहानशा स्प्रिंगवर बसवतात, धक्का बसला की खडा किंचित सरकतो आणि टोक वाचतं. एक मीटरवरून लाकडी जमिनीवर पडण्याइतका धक्का मानकाप्रमाणे सहन व्हायला हवा. टेनिसपटू राफाएल नदाल खेळताना घड्याळ घालायचा हे खरं, पण ते रिचर्ड मिलचं होतं, २०१० चं पट्ट्यासकट २० ग्रॅमच्या आतलं. २०१३ च्या आवृत्तीत तर मशीन ०.३५ मिमी जाडीच्या पोलादी तारांवर टांगलेलं होतं. करामत म्हणून मी त्याला सलाम करतो, घ्यायचं म्हणून विचारसुद्धा करत नाही.

मला त्यापेक्षा झेजर-लकूल्त्रचं रिव्हर्सो मोठं वाटतं. भारतात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, त्यावर १९३१ मध्ये उपाय निघाला: केस सरकवून उलटी करायची, काच आत, स्टीलची पाठ बाहेर. मार चुकवायचा तर इतक्या साधेपणाने.

एक शत्रू तुमच्या प्रश्नात नव्हता, पण ऑफिसवाल्यांना तोच जास्त छळतो: लोहचुंबक. मोबाइलचं कव्हर, टॅबचं झाकण, स्पीकर. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ एकदम पुढे पळायला लागतं, दिवसाला मिनिटभर किंवा जास्तही. अशा वेळी ओव्हरहॉलिंगचे पैसे देऊ नका, आधी चुंबकत्व काढून बघा, काही मिनिटांचं काम आहे. रोलेक्सने १९५६ मध्ये मिलगॉस काढलं तेव्हा मशीनभोवती मऊ लोखंडाची डबी होती आणि मर्यादा १,००० गॉस (चुंबकाच्या जोराचं माप). ओमेगाने २०१३ मध्ये डबीच काढून टाकली, आतले भागच चुंबकाला दाद न देणारे केले आणि मजल १५,००० गॉसच्या पुढे नेली. घड्याळ दिसायला तसंच राहिलं. दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्याला गेल्या पंधरा-वीस वर्षांतली खरी कामाची सुधारणा हीच.

खरेदीचं म्हणाल तर दुकानात जायच्या आधी ठरवा: पोहणं महत्त्वाचं की कपड्यांखाली सरकणारी चपटी केस. पोहणं असेल तर लाँजिनचं हायड्रोकॉन्क्वेस्ट बघा, ३०० मीटर, सिरॅमिक बेझेल, आट्यांची चावी. रॉयल ओकच्या घराण्यातला आकार हवा असेल तर टिसोचं पीआरएक्स बघा, १९७८ च्या स्वतःच्याच जुन्या नमुन्यावरून काढलेलं, ऑटोमॅटिकमध्ये ८० तास चालणारं. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी चालू मिळतं. दोन्ही हातात घालून बघा, मनगट वाकवून चावी टोचते का ते बघा.

काउंटरवर आणखी दोन गोष्टी विचारा. ओव्हरहॉलिंग नागपुरातच होतं की बाहेर पाठवतात, आणि तेव्हा वॉशर बदलून पाण्याच्या दाबाची चाचणी त्याच पैशात होते का. दुसऱ्या प्रश्नावर सेल्समन आत विचारायला गेला तर जाऊ द्या, तोवर तुम्ही घड्याळ आडवं धरून कड बघून घ्या.