हिडकलच्या पाण्यात दिसणारं लहान रानबदक कोणतं? त्याची शिकार कशी करतात?

बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या फुगवट्यात थंडीत थव्यानं उतरणारी, गावठी बदकापेक्षा बरीच लहान बदकं, असं तुम्ही लिहिलंय. वर्णनावरून तो चक्रांग वाटतो, म्हणजे कॉमन टील. लांबी ३४ ते ३८ सेंटिमीटर, वजन तीन-साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. उत्तरेकडून ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, उन्हाळा लागला की परततो.

नराचं डोकं तांबूस-तपकिरी, डोळ्यापासून मानेकडे हिरवा पट्टा, त्याला बारीक पिवळसर कड. शेपटीखाली दोन्ही बाजूंना पिवळा डाग, तो लांबूनही दिसतो. सूर्य समोर असला की हिरवा पट्टा काळाच भासतो, तेव्हा ऊन पाठीवर घेऊन बसा. घोटाळा मादीत होतो, कारण भुवई बदकाची, म्हणजे गार्गनीची, मादीही तशीच तपकिरी, ठिपकेदार. भुवईच्या मादीच्या तोंडावर गडद-फिक्या रेघा ठळक असतात आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. चक्रांगाची मादी चेहऱ्यानं साधी, पण पंख उघडला की हिरवा पट्टा चमकतो. दचकला की चक्रांग पाण्यावर धावत नाही, जागेवरून थेट वर उठतो.

आता शिकार. आपल्याकडे ती करता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीचे परवानेही संपले. जुनी माणसं बंदुकीच्या गोष्टी सांगतात, त्या त्याआधीच्या. आज तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाळं, फासा, विषारी दाणे हीसुद्धा शिकारच, आणि मला तर बंदुकीपेक्षा जास्त चीड त्या दाण्यांची येते. एका मुठीत अख्खा थवा जातो.

हाच पक्षी इंग्लंडमध्ये कायद्यानं मारता येतो, १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी. अंधार पडताना टील लहान तळ्यांवर चरायला येतात, तिथं आडोशाला बसून छऱ्याच्या बंदुकीनं मारतात. शिशाचे छरे मात्र १९९९ पासून बंद. दाणे दळायला बदकं खडे गिळतात, त्यांबरोबर चिखलातले छरेही पोटात जातात आणि शिशाच्या विषानं ती झिजून मरतात. आणि कुठलं बदक आहे याची खात्री झाल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हा तिथला पहिला धडा.

तुम्हाला खरोखर गोडी असेल तर दुर्बीण घेऊन डिसेंबरात धुपदाळच्या बंधाऱ्यामागे, घटप्रभा पक्षी अभयारण्यात सकाळी लवकर जा. मादीचा फोटो मिळाला तर इथं टाका, पंख उघडलेला असला तर नक्की सांगता येईल.