उपग्रहाचं प्रक्षेपण आणि वाहिनीचं प्रक्षेपण

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्या जाहिरातसंस्थेत मराठी मजकुराचं काम बघतात. एका नव्या मराठी वाहिनीच्या निमंत्रणपत्रिकेत त्यांनी लिहिलं, 'या वाहिनीचे प्रक्षेपण येत्या १ तारखेला होत आहे.' वरिष्ठांनी 'प्रक्षेपण' खोडलं. प्रक्षेपण अग्निबाणाचं होतं, वाहिनीचं 'प्रसारण' होतं, आणि सुरू होण्याला 'लोकार्पण' म्हणावं, असं त्यांचं म्हणणं. दुसरी शंका नावाची. वाहिनीचं नाव एक साधं अकारान्त सामान्यनाम आहे. ते जाहीर व्हायचं असल्याने ताईंनी 'स्टार प्रवाह'चं उदाहरण दिलंय: 'स्टार प्रवाहवर' लिहायचं की 'स्टार प्रवाहावर'?

आधी उत्तर देते. 'प्रक्षेपण' खोडायला नको होतं. चूक त्या शब्दात नव्हती, वाक्यात होती.

'क्षिप्' म्हणजे फेकणं. या धातूचं मराठीत मोठं गोत आहे: आक्षेप, संक्षेप, निक्षेप, पोथीत मागाहून घुसवलेला प्रक्षिप्त श्लोक, क्षेपणास्त्र. सभेत वक्त्यापुढे ठेवतात तो ध्वनिक्षेपक. आकाशवाणीच्या मराठी निवेदकांनी तर यातून एक फार देखणा शब्द रुळवला. दिल्लीच्या बातम्या आपलं केंद्र त्याच वेळी पुढे पाठवतं, त्याला ते 'सहक्षेपण' म्हणतात. 'हे बातमीपत्र आमच्या केंद्रावरून सहक्षेपित केलं जाईल' हे वाक्य ऐकत आमची पिढी शाळेला निघाली. त्यामुळे दूरचित्रवाणी आली तेव्हा 'प्रक्षेपण' मराठी कानाला परकं वाटण्याचं कारणच नव्हतं. क्रिकेटचा सामना आपण 'थेट प्रक्षेपण' म्हणून बघतो, हिंदीत त्यालाच 'सीधा प्रसारण' म्हणतात. प्रसारण शब्द उत्तमच आहे, माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या नावातही तो आहे. पण तो हिंदीत चालतो म्हणून आपण आपला रुळलेला शब्द अग्निबाणाला देऊन मोकळं व्हावं, हे मला मान्य नाही.

इंग्रजीतला 'ब्रॉडकास्ट' मुळात शेतातला शब्द आहे. मुठीने बी फेकत पेरत जाण्याला तो वापरत. आपले शेतकरी त्याला 'फोकून पेरणं' म्हणतात, खतही फोकून देतात. फेकण्याची ती कल्पना 'क्षेपण'मध्ये अचूक उतरली आहे.

हे मला पुस्तकाआधी मामाच्या खोलीत कळलं होतं. मामा तालुक्याच्या गावी केबल चालवायचा. गच्चीवर दोन मोठ्या छत्र्या, जिन्याखालच्या खोलीत लोखंडी मांडणीवर एकावर एक रचलेले रिसीव्हर, आणि प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने लिहिलेलं नाव. पावसाळ्यात एखादं चॅनल गेलं की तो गच्चीवरून ओरडायचा, 'आता पकडतंय का?' आणि आम्ही खालून, 'पकडलं!' किंवा 'नाही पकडत!' रेडिओचं स्टेशनही आपल्याकडे पकडतंच. वर कोणी फेकलं म्हणून खाली आपण पकडतो. धातुपाठ न शिकलेल्या मामाच्या बोलण्यात प्रक्षेपणाची दुसरी बाजू तयार होती.

आता वाक्याकडे येते, कारण खरा गुंता षष्ठीचा आहे. 'आईचं बोलावणं' म्हणतो तेव्हा आई बोलावते. 'आईची आठवण' म्हणतो तेव्हा आठवणारे आपण असतो, आई आठवली जाते. प्रत्यय तोच, पण एकदा आई कर्ता आणि एकदा कर्म. 'उपग्रहाचं प्रक्षेपण' यात उपग्रह कर्म आहे, तो फेकला जातो. 'सामन्याचं प्रक्षेपण' यातही सामना कर्म. पण 'वाहिनीचं प्रक्षेपण' यात वाहिनी कर्ता आहे, ती कार्यक्रम फेकते. म्हणून 'उपग्रहाचं प्रक्षेपण झालं' हे वाक्य पुरं वाटतं, तो वर गेला, काम संपलं. 'वाहिनीचं प्रक्षेपण झालं' हे अडखळतं, कारण वाहिनीचं फेकणं त्या दिवशी संपत नाही, तिथून सुरू होतं. ताईंच्या 'होत आहे'मध्ये नेमका हाच खडा आहे. 'प्रक्षेपण सुरू होत आहे' म्हटलं की तो निघतो.

प्रत्यक्षातही तसंच घडतं. नवी वाहिनी निघाली म्हणून कोणी तिच्यासाठी उपग्रह सोडत नाही. उपग्रह आधीच वर असतो. जीसॅट-१५ हा भारताचा दळणवळण उपग्रह नोव्हेंबर २०१५मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन अग्निबाणाने सोडला गेला. तेव्हापासून दूरदर्शनच्या फ्री डिश या मोफत छत्रीसेवेवर नव्याने आलेल्या वाहिन्यांनी त्यावरची जागा घेतली एवढंच. वाहिनी भूकेंद्रावरून आपला संकेत विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे पाठवते, उपग्रह तो खाली पसरतो. जाऊन-येऊन पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. नेम धरून वर जातं ते प्रक्षेपण आणि तिथून मुलूखभर पसरतं ते प्रसारण, अशी वाटणी मला मनापासून आवडते. ती कोशातली नाही, माझी आहे. अॅनलॉग काळात एका ट्रान्सपाँडरवर, म्हणजे संकेत झेलून खाली पाठवणाऱ्या उपग्रहावरच्या एका यंत्रावर, साधारण एकच वाहिनी मावायची. डिजिटल पद्धतीत संकेत दाबून लहान करता येतो, म्हणून तेवढ्याच जागेत आठ-दहा मावू लागल्या आणि भाड्याचा भार वाटला गेला. प्रादेशिक भाषांच्या वाहिन्यांचं पीक त्यानंतर आलं.

वाहिनी कर्ता आहे हे 'वाहिनी' हा शब्दही सांगतो. वाहून नेणारी ती वाहिनी. संस्कृतात तो नदीला आहे आणि सेनेलाही आहे. ८१ हत्ती, ८१ रथ, २४३ घोडे आणि ४०५ पायदळ मिळून एक वाहिनी होते. मराठीत जलवाहिनी, रक्तवाहिनी, वीजवाहिनी. सगळीकडे ती स्वतः नेते.

'लोकार्पण' मात्र इथे नको. पूल, धरण, वाचनालय लोकांच्या मालकीचं असतं, ते लोकांना अर्पण करतात. खासगी वाहिनी लोकांना अर्पण होत नाही. बोधचिन्हाचं अनावरण करा, समारंभाला शुभारंभ म्हणा. 'लाँच' बोलताना सर्रास चालतो, चालू दे. आणि 'प्रेक्षकांच्या भेटीला येत आहे' हा प्रयोग तर इतका आपलेपणाचा आहे की जाहिरातीत मी तोच आधी उचलीन.

आता नावं. दूरदर्शनच्या भाषिक उपग्रह वाहिन्यांना आधी नुसते आकडे होते. मराठीची डीडी-१० होती. पुढे तिची सह्याद्री झाली, गुजरातीची गिरनार, तेलुगूची सप्तगिरी, तमिळची पोदिगै. कन्नडने चंदन घेतलं, यातले बाकी सगळे डोंगर. तेलंगण वेगळं झाल्यावर तिथली वाहिनी यादगिरी, पुन्हा डोंगरच. पुण्याची माणसं ज्या मनोऱ्याकडे अँटेना वळवत, तो सिंहगडावर म्हणजे सह्याद्रीतच आहे, म्हणून हे नाव मला नेहमीच जागच्या जागी बसलेलं वाटतं. २०२४ साली पोदिगैची 'डीडी तमिळ' झाली. अगस्त्य ऋषी आणि तमिळ भाषा यांच्या कथा ज्या डोंगराशी जोडलेल्या आहेत त्याचं नाव गेलं, याचं वाईट वाटलं.

खासगी वाहिन्यांनी आधी कंपनी, मग भाषा असा क्रम धरला. १९९९ची अल्फा मराठी २००५ला झी मराठी झाली, २०००ची ई टीव्ही मराठी २०१५ला कलर्स मराठी. मामाच्या मांडणीवर 'अल्फा'ची चिकटपट्टी त्यानंतरही कितीतरी दिवस तशीच होती. 'मराठी' हे विशेषण मागे गेलं म्हणून या नावांना काही जण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. 'आकाशवाणी पुणे' आपण कधीपासून म्हणतोय, तसंच हे.

राहिलं सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी नामाचं बदलणारं रूप. सामान्यनाम विशेषनाम झालं की आजची मराठी बहुधा त्याचं सामान्यरूप करत नाही. 'विश्वासाने सांगितलं' आणि 'विश्वासने सांगितलं', यातला माणूस कोणता हे कोणालाही कळतं. 'कवितेला' आणि 'कविताला' तसंच. म्हणून नदीच्या 'प्रवाहावर' आणि मालिका 'स्टार प्रवाहवर'. 'झी २४ तासने', 'तासाने' नव्हे. सगळ्यात पक्का दाखला 'माझा'चा. २००७ला स्टार माझा म्हणून आलेली वाहिनी २०१२ला एबीपी माझा झाली. एरवी 'माझा'ला प्रत्यय लागताना 'माझ्या' व्हायलाच हवं. पण 'माझावर बातमी आली' आणि 'माझ्यावर बातमी आली' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मराठी माणसाच्या जिभेने हा फरक कोणी न शिकवता केला आणि पाळला.

तेव्हा ताई, तुमच्या नावालाही प्रत्यय तसाच सरळ जोडा, मधे काना घालू नका. आणि निमंत्रणात लिहा: 'येत्या १ तारखेपासून या वाहिनीचे प्रक्षेपण सुरू होत आहे.'