बारावीनंतर बी.एस्सी.ला गणित घ्यावं की संख्याशास्त्र? गणितात मार्क चांगले आहेत.

बारावीच्या मार्कांवर ठरवू नका. बारावीचं गणित म्हणजे बहुतांशी उदाहरणं सोडवणं. पदवीचं गणित म्हणजे सिद्धता, म्हणजे विधान खरं का ते तर्काने दाखवणं. इथेच बरेच जण दुसऱ्या वर्षाला गडबडतात.

आधी तिसऱ्या वर्षाच्या जुन्या प्रश्नपत्रिका चाळा. पहिल्या वर्षाच्या नकोत, त्या फसव्या असतात. मग दोन संध्याकाळी राखून ठेवा. एका संध्याकाळी २ चं वर्गमूळ अपरिमेय का, याची सिद्धता वाचा, वही मिटा आणि कोऱ्या कागदावर स्वतः मांडा. अडल्यावर चिडचिड न होता मजा आली, तर गणित. दुसऱ्या संध्याकाळी गावातल्या ३० दिवसांच्या कमाल तापमानाचे आकडे घेऊन सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) हाताने काढा. नमुन्याचं प्रमाण विचलन काढताना ३० ऐवजी २९ ने का भागायचं, हा प्रश्न डोक्यातून जात नसेल, तर संख्याशास्त्र.

यूपीएससीच्या भारतीय सांख्यिकी सेवेसाठी पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय लागतो. नुसतं गणित चालत नाही. (पदव्युत्तर पदवी संख्याशास्त्रात घेतली तर वाट उघडते.) उलट, प्राध्यापकी-संशोधन मनात असेल तर गणिताचा पाया भक्कम हवा. दोन्ही आवडले तर एक मेजर (मुख्य विषय), दुसरा मायनर (दुय्यम). मात्र ही जोडी कॉलेजात मिळते का, ते प्रवेशाआधीच विचारा.