बारावीच्या सत्र परीक्षेत चार टक्के घसरले, तर व्हीजेटीआयची आशा सोडावी का?

तू लिहिलंयस ते थोडक्यात असं: मुलुंडला राहतेस, बारावी सायन्सला आहेस, अकरावीला ८३ टक्के होते आणि आता पहिल्या सत्र परीक्षेत ७९ आले. व्हीजेटीआय या मुंबईतल्या इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शाखा हवीय. क्लासमधल्या मैत्रिणी पुढे जातायत असं वाटतं आणि रात्री झोप लागत नाही. हे चार टक्के प्रवेशाच्या आड येतील का?

नाही येणार. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. दिवाळीच्या आगेमागे असा प्रश्न घेऊन मुलं दरवर्षी स्टाफरूमच्या दाराशी उभी असतात. त्यांना मी आधी एवढंच विचारतो, की हे गुण नेमकं कोण बघणार आहे?

राज्यातल्या इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडची, म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या एकत्रित प्रवेशफेऱ्यांची, गुणवत्ता यादी प्रामुख्याने एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या पर्सेंटाइलवर लागते (शंभरातल्या किती मुलांच्या बरोबरीने किंवा पुढे आहेस, ते पर्सेंटाइल). बारावी बोर्डाचे गुण तिथे पात्रतेपुरते लागतात. खुल्या प्रवर्गाला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून ४५ टक्के, म्हणजे ३०० पैकी १३५, आणि राज्यातल्या मागास प्रवर्गांना ४० टक्के. जेईई या देशपातळीवरच्या परीक्षेतून एनआयटी किंवा आयआयटीला जायचं असेल तर बारावीला ७५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ६५), नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. आणि हे सगळं बोर्डाच्या निकालाबद्दल झालं. तुझी सत्र परीक्षा त्या गुणपत्रिकेवर येतच नाही. ७९चा आकडा तू, घरचे आणि कॉलेज सोडून कुणाच्याही समोर जाणार नाही.

व्हीजेटीआयचं कॉम्प्युटर अवघड आहे, हे मात्र खरं. खुल्या प्रवर्गात तिथे ९९ पर्सेंटाइलच्या पुढच्या दशांशांवर जागा ठरतात. काळजी करायचीच तर सीईटीची कर, आणि तीही विषय बघून कर. सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रश्न एकेका गुणाचे, मॅथ्सचे दोन-दोन गुणांचे. २०० पैकी १०० गुण एकट्या मॅथ्सचे. तुझी घसरण इंग्रजीत झाली असेल तर सोडून दे. मॅथ्समध्ये असेल तर आत्ताच बघ. अकरावीच्या भागावर साधारण २० टक्के प्रश्न असतात, म्हणून ती पुस्तकं रद्दीत घालू नकोस. निगेटिव्ह मार्किंग नसतं, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

आता उत्तरपत्रिका घेऊन बस. बेरीज बघू नकोस, गेलेला एकेक गुण का गेला ते त्याच्यासमोर पेन्सिलीने लिही. फिजिक्सच्या पेपरात मला वर्षानुवर्षं तेच दिसतं. सूत्र बरोबर, किमती बरोबर घातल्या, लॉग घेतले, वजाबाकीही बरोबर. आणि अँटिलॉग बघताना बार असलेला कॅरॅक्टरिस्टिक (लॉगचा ऋण पूर्णांक भाग) विसरला, म्हणून दशांशचिन्ह भलतीकडे गेलं. किंवा उत्तरापुढे एकक नाही. किंवा डेरिव्हेशन पूर्ण, पण आकृतीत किरणांना बाणच नाहीत. असे गेलेले गुण चार पेपर वेळ लावून सोडवले की परत येतात. ‘हा धडा मला कळलेलाच नाही’ असं ज्या गुणासमोर लिहावं लागेल, त्याला मात्र खरा वेळ द्यावा लागतो. रोटेशनल डायनॅमिक्स, वेव्ह ऑप्टिक्स असे एखाद-दोनच धडे निघतील. ते घेऊन आपल्या सरांकडे जा. तास संपल्यावर फळ्यापाशी थांबलेल्या मुलीला कुठलाही शिक्षक हाकलत नाही.

मैत्रिणींचं म्हणशील, तर क्लासच्या भिंतीवरची रँक लिस्ट एका रविवारच्या टेस्टची असते. त्या दिवशी कुणाचा कुठला धडा पक्का होता, यावर ती खालीवर होते. सोसायटीतल्या काकूंनी विचारलं तर ‘अभ्यास चालू आहे’ एवढं सांगून जिना चढ.

एक अपवाद सांगायला हवा, कारण मुंबईत हल्ली बरीच मुलं तिकडे बघतात. अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करायचा असेल तर ती सहसा नववी ते बारावीचे गुण मागतात आणि चालू वर्षाचेही बघतात. तिथे मोठी, सलग घसरण डोळ्यावर येते. ८३ चे ७९ ही तशी घसरण नव्हे. आजारपण वगैरे खरं कारण असेल तर ते अर्जात दोन ओळींत सांगता येतं.

तुझ्या प्रश्नातलं मला सगळ्यात लागलं ते झोपेचं वाक्य. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, परतीची गर्दीची लोकल आणि वर रात्रीचं जागरण, अशाने सोपी गणितंही चुकायला लागतात. अकरानंतर पुस्तक मिटायचं असं ठरव. आईबाबांना आकडा सांगितला नसशील तर आजच सांग, आणि सोबत ती पेन्सिलीने खुणा केलेली उत्तरपत्रिका ठेव. गुण का गेले हे समोर दिसलं की घरातलं बोलणं ओरडण्यावरून अभ्यासावर येतं, हे मी पालकसभेत पुष्कळदा पाहिलंय. आठवडाभरात झोप सुधारली नाही, छातीत धडधडायला लागलं किंवा नको ते विचार यायला लागले, तर १४४१६ वर फोन कर. ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे. चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.